स्लायडिंगकाका बाल्कनी निवडतात

“बाल्कनीच्या बाबतीत मला कुणी शिकवायचं नाही!” असं स्लायडिंगकाका नेहमी म्हणत, आणि खरं सांगायचं तर कुणी शिकवतही नसे. शिकवणार कोण? आख्ख्या भागात लोकांच्या बाल्कन्या बंद करून देणारा माणूस हा एकच. अल्युमिनियमच्या चौकटी ठोकल्या, सरकत्या काचा बसवल्या, रबरी पट्ट्या सारल्या आणि वरून सीलंटचा हात मारला, की वारा, पाऊस, धूळ, कबुतर, कुणाची आत यायची टाप नाही! त्यांचं खरं नाव फक्त बँकेला आणि सासरच्या मंडळींना ठाऊक होतं. बाकी सगळ्यांचे ते स्लायडिंगकाका.

“माझं काम एकदा बसलं की बसलं. इमारत हलेल, चौकट हलायची नाही,” हे त्यांचं ब्रीद. माणूस खोटं बोलत नव्हता, हाताला खरंच जादू होती. खोड एकच. समोरच्याचं वाक्य ‘पण’पाशी आलं, की काका ते तिथंच बंद करून टाकत. गिऱ्हाईक म्हणे, “काका, काम झकास झालंय, पण—” की काका सुरू, “पणबिण काही नाही. दार ओढून घ्या, हात लावू नका, पट्टी बसू द्या!”

आता काकूंचं ऐका. काकू इस्पितळात एक्स-रे काढायच्या. म्हणजे दिवसभर बिनखिडकीच्या खोलीत, जाड दाराआड, “श्वास घ्या, रोखून धरा, सोडा!” म्हणत उभ्या. बाहेर ऊन आहे की पाऊस, हे त्यांना पेशंटच्या छत्रीवरून कळायचं. घरी यावं तर तिथं काका! लग्न झालं तेव्हा घराला चांगली ऐसपैस, उघडी बाल्कनी होती. काकूंनी हौसेनं वेताची खुर्ची आणून टाकली. पुढच्याच महिन्यात काकांनी बाल्कनी बंद केली.

“अगं, गिऱ्हाइकांना दाखवायला नमुना नको का?”

झालं. दर रविवारी अनोळखी माणसं घरात येऊन काचा पुढं-मागं सरकवून बघायची, आणि काकू ओल्या केसांना टॉवेल गुंडाळून स्वयंपाकघरात ताटकळायच्या. मग नमुन्याच्या मागं चौकटींचा साठा आला, साठ्याच्या मागं काचा आल्या, आणि वेताची खुर्ची माळ्यावर गेली. ती गेली ती गेलीच.

अशी सगळी नोकरी सरली. काकू निवृत्त झाल्या त्या दिवशी काका मोठ्या उदार मनानं म्हणाले, “बोल! काय हवं ते माग. आज नाही म्हणणार नाही.”

काकू म्हणाल्या, “मला एक बाल्कनी हवी.”

“कुठल्या मापाची?” काकांचा हात आपसूक खिशातल्या टेपकडे गेला.

“बंद करायची नाही हो! बसायची! समोर पाणी असावं. वर छप्पर असावं, अंधाऱ्या खोलीत राहून राहून माझे डोळे आता ऊन सोसत नाहीत. आणि डोकावणारं कुणी नको. चार दिवस तिथं बसून मला निवांत चहा प्यायचाय. बस्, आणखी काही नको.”

एवढ्या वर्षांत बायकोनं पहिल्यांदा काही मागितलं, आणि तेही नेमकं आपण बंद केलेलं! त्यांना वाईट वाटलं. अगदी मनापासून वाईट वाटलं. इतकं, की त्या रविवारी आलेल्या गिऱ्हाइकाला त्यांनी नमुना न दाखवताच परत पाठवलं.

तोडगा लेकीनं काढला. “बाबा, जहाजाची सफर करा. हल्ली खोलीला स्वतःची बाल्कनी असते. समुद्र समोर, शेजारपाजार नाही. आईला खूप आवडेल.”

“ठरलं!” काका गरजले. “आणि खोली मी निवडणार. बाल्कनीच्या बाबतीत मला—”

“कुणी शिकवायचं नाही,” मायलेकी एका सुरात म्हणाल्या.

बुकिंगच्या कचेरीत एक हसतमुख मुलगी बसली होती. काकांना बघून ती हसली, ते तिचं त्या तासाभरातलं शेवटचं मनमोकळं हसू. तिनं संगणकावर पहिलं चित्र काढलं.

“ही बघा काका, अगदी वरच्या मजल्यावरची. एकदम मोकळी!”

“हिच्यावर काय आहे?”

“हिच्यावर... आकाश.”

“आकाशाला छप्पर म्हणत नाहीत. पुढची!”

“ही जहाजाच्या मागच्या अंगाची. ऐसपैस आहे, अर्धी झाकलेली आहे—”

काकांनी खिशातून टेप काढून सरळ पडद्याला लावला. “वरची बाल्कनी हिच्यापेक्षा चांगली वीतभर मागं आहे. म्हणजे वरचा माणूस जरा वाकला, की थेट आमच्या चहात! पुढची!”

अशा करत करत निम्मं जहाज नापास झालं. शेवटी मुलीनं खालच्या मजल्याचं चित्र काढलं आणि काका खुर्चीतून उठलेच! जहाजाच्या पोलादी भिंतीत कोनाड्यासारखी कोरलेली बाल्कनी. वर भक्कम छत, दोन्ही अंगांना आडोसा, कमरेएवढा कठडा, आणि पाणी एवढं जवळ की हात धुवावेत.

“वरून दिसते?”

“नाही.”

“बाजूनं?”

“नाही. कुठूनच दिसत नाही. पण काका—”

“हीच!”

“हो, पण या मजल्यावर समुद्र जरा—”

“मुली, बाल्कन्या किती पाहिल्यास आयुष्यात?”

“रोजच बघते—”

“चित्रातल्या!”

काकू हळूच म्हणाल्या, “अहो, ती काहीतरी सांगतेय. ऐकून तर घ्या.”

“ती विकतेय, मी निवडतोय. पणबिण काही नाही. हीच खोली!”

मुलीनं खोली काकांच्या नावावर केली.

निघायच्या आदल्या दिवशी लेकीनं काकांच्या बॅगेची झडती घेतली. पेचकस, पक्कड, तासणी, काचेला लावायचे रबरी चोषक, सगळं काढून पलंगावर मांडलं. “बाबा, सहलीला चाललाय की ठेका घेतलाय?” काका मान खाली घालून उभे. टेप मात्र तिनं सोडला, कारण टेप काढून घेतला तर बाबांची पँट घसरेल असं तिला लहानपणापासून वाटायचं. आणि उजव्या पायमोज्यात तिनं हात घातला नाही. तिथं एक नळी होती. तातडीचं सीलंट! पाच मिनिटांत दगड!

आता एक कबूल करायला हवं. खोली निवडली होती मात्र लाखात एक! काकूंनी बाल्कनीचं सरकतं दार उघडलं आणि त्या कठड्याशी नुसत्या उभ्या राहिल्या. खाली हिरवट पाणी, वर सावली, समोर दूरवर काही म्हणजे काही नाही. दोन आरामखुर्च्या, मध्ये छोटं टेबल. मग त्या म्हणाल्या, “छान आहे हो.”

“म्हटलं नव्हतं?” काकांची छाती दोन वीत फुगली.

तिथंच थांबले असते तर ही गोष्ट इथंच संपली असती. पण तेवढ्यात काकांच्या कानावर आवाज आला. टक्. मग पुन्हा टक्. जहाज डुललं, की सरकतं दार आपल्या खाचेत इकडून तिकडं आपटत होतं.

“ऐकलंस?”

“काय?”

“दार ढिलं आहे!”

“असू दे की. चालू जहाजाचं दार आहे, थोडं वाजणारच.”

“आणि हे बघ!” काकांनी शेजारच्या बाल्कनीच्या आडोशाकडं बोट केलं. भिंतीला लागून बोटभर फट होती. “त्या गृहस्थांची चप्पल दिसतेय!”

“चप्पल काही डोकावत नाही हो.”

“खासगी म्हणजे खासगी! तू जा, चहा घेऊन ये. तोवर मी जरा...”

काकू चहा आणायला आत गेल्या, आणि काकांचा हात पायमोज्यात. आधी त्यांनी आडोशाची फट बुजवली. झकास! चप्पलही दिसेना आणि चप्पलवाल्याचं गुणगुणणंही ऐकू येईना. मग दाराच्या खाचेत वरून खालपर्यंत सीलंटची अशी रेघ ओढली, की बघणाऱ्यानं बघत राहावं. तेवढ्यात काकू ट्रेमध्ये दोन कप घेऊन बाहेर बाल्कनीत आल्या.

“आलीस? दार ओढून घे. पट्टी बसू दे.”

“अहो, पण आपण—”

“पणबिण काही नाही. ओढ!”

काकूंचे दोन्ही हात ट्रेमध्ये अडकलेले. त्यांनी काकांकडं एकवार बघितलं, सुस्कारा सोडला आणि कोपरानं दार ओढून घेतलं. टक्. त्या दाराचा हा शेवटचा आवाज.

दोघं खुर्च्यांवर बसले. काकांनी चहाचा घोट घेतला, डोळे मिटले. “ऐक.”

“काय ऐकू? काहीच ऐकू येत नाहीये.”

“हेच! ह्याला म्हणतात काम!”

काकूंनी शांतपणे आपला चहा अर्धा केला. मग कप खाली ठेवून म्हणाल्या, “मघाशी मी एक म्हणत होते.”

“हं?”

“आपण बाहेर आहोत.”

काका ताडकन उठले. दाराला हात घातला, मग खांदा लावला, मग पाय लावून ओढलं. छे! दार हलायला तयार नाही. काकांचा चेहरा पांढराफटक पडला. आणि त्या पांढऱ्याफटक चेहऱ्यावर, नको नको म्हणताना, अभिमानाची एक बारीकशी छटा उमटलीच.

“हसू नका!” काकू कडाडल्या.

“हसतोय कुठं?”

“फोन कुठंय तुमचा?”

“आत. पलंगावर. तुझा?”

“त्याच्याच शेजारी. त्या चप्पलवाल्यांना हाक मारा.”

“ऐकू जायचं नाही. फट बुजवली.”

“वरून दिसतोय आपण कुणाला?”

“नाही.”

“बाजूनं?”

“नाही.”

“म्हणजे कुठूनच कुणाला दिसत नाही.”

“मी मुद्दाम तशीच निवडली,” काका पुटपुटले.

दोघांनी समुद्राकडं तोंड करून हाका मारल्या. लांबून एक मासेमारीची होडी चालली होती. काकांनी दोन्ही हात हलवले. होडीतल्या माणसानंही दोन्ही हात हलवले. काका उड्या मारू लागले, तसा त्यानं टोपी काढून उडवली, पोरांनाही उभं करून हात हलवायला लावले, आणि होडी निघून गेली.

“किती मायाळू माणसं!” काकू म्हणाल्या. वारा वाढला होता, पाण्याचे शिंतोडे कठड्यावरून आत येत होते. काकूंनी पदरी पडलेल्या या बाल्कनीकडं बघितलं, आणि त्यांचे डोळे भरले. “एक बाल्कनी मागितली होती हो,” त्या म्हणाल्या. “एकच.”

हे काकांना फार लागलं. शर्ट उतरवून त्यांनी आतलं बनियन काढलं आणि टेपच्या टोकाला बांधलं.

“अहो, हे काय करताय?”

“निशाण! वरच्या मजल्यावर लोक फिरत असतील. बघशील तू, आत्ता सोडवून नेतील!”

कठड्याबाहेर वाकून त्यांनी टेप वर वर सोडला. पोलादी पट्टी डुलत डुलत निघाली, टोकाला पांढरं बनियन फडफडतंय. एक मजला चढली, दुसरा चढली, काकांना वाटलं जिंकलं! एवढ्यात वाऱ्याचा झोत आला, पट्टी मधोमध कडकन मोडली, आणि बनियन सुटलं. दोन्ही बाह्या पसरून, एखाद्या जाड्या गृहस्थानं उडी मारावी तसं ते हवेत गेलं आणि खाली पाण्यात पडलं.

वरून एका बाईंची किंकाळी आली. “अगं बाई! माणूस पडला! माणूस पडला!”

आणि मग जे सुरू झालं! भोंगा वाजला, पुन्हा वाजला, वाजतच राहिला. एवढं मोठं जहाज, पण बघता बघता मंदावलं. ध्वनिक्षेपकावरून घोषणा झाली, “सर्व प्रवाशांनी ताबडतोब आपापल्या जमण्याच्या जागी यावं! मोजणी होणार आहे!”

काका भारावून गेले. “बनियन पडलं तरी एवढी धावपळ? व्यवस्था चांगली आहे हं!”

काकूंनी कपाळाला हात लावला. “त्यांना वाटतंय माणूस पडलाय.”

“कोण पडलंय?”

“कळेल आत्ता. मोजतायत ना!”

कळलंच. थोड्याच वेळात ध्वनिक्षेपक पुन्हा खरखरला आणि गंभीर आवाजात एक खोली क्रमांक सांगितला गेला. या खोलीतलं जोडपं मोजणीला आलेलं नाही, कुणी पाहिलं असल्यास त्वरित कळवावं.

“अगं!” काका दचकले. “हा तर आपला नंबर!”

“हो,” काकू म्हणाल्या. “पडलेली माणसं आपणच.”

तेवढ्यात वर करकर आवाज झाला, सावली पडली, आणि बाल्कनीसमोर हळूहळू एक भलीमोठी नारिंगी बोट दोरांवरून खाली उतरू लागली. काका या छतावर खूश होते खरे, पण छताच्या वर बचावाच्या बोटी टांगलेल्या असतात हे त्यांच्या गावीही नव्हतं. बोटीत शिरस्त्राणं घातलेले खलाशी दुर्बिणी लावून पाण्याकडं बघत होते. बोट कठड्याच्या पातळीला आली, आणि एका खलाशानं दुर्बीण खाली घेतली.

समोर हातभर अंतरावर एक बाई हातात चहाचा कप घेऊन बसलेली. शेजारी एक उघडाबंब गृहस्थ, छातीशी ट्रे धरून उभा.

बोटीतला अधिकारी ओरडला, “तुम्ही इथं काय करताय?”

“चहा,” काका म्हणाले.

“अहो, माणूस पाण्यात पडलाय!”

“माणूस नाही हो पडला,” काकू म्हणाल्या. “ह्यांचं बनियन पडलंय. माणूस आहे इथंच, जसाच्या तसा.”

अधिकाऱ्यानं दोन वेळा डोळे चोळले आणि मग यंत्रावर काहीतरी बोलला. काही मिनिटांत खोलीच्या आत, काचेपलीकडं, जहाजाचा मिस्त्री हजर झाला. त्यानं दार ओढलं. हलेना. पेचकस घातला. पेचकस वाकला. तो आतून काहीतरी ओरडत होता, पण काकांच्या पट्टीतून आवाज कसा यायचा बाहेर? काका खुणा करून दाखवू लागले, असं नको, खालून घे, तासणी तिरकी धर. मिस्त्रीनं वैतागून हात जोडले. मग शेजारच्या बाल्कनीत जाऊन आडोशाची फळी उघडून बघितली, तर तिथंही तेच. चप्पलवाले गृहस्थसुद्धा मदतीला धावले आणि फळीत अंगठा अडकवून बसले!

अधिकाऱ्यानं विचारलं, “हे चिकटवलंय तरी कुणी?”

आयुष्यभर या प्रश्नाची काका वाट बघत असत. छाती पुढं काढून “मी!” म्हणत असत. आज छाती उघडी होती, आणि काकांनी ट्रे आणखी वर धरला.

“ह्यांनी,” काकू म्हणाल्या. “काम पक्कं असतं ह्यांचं.”

शेवटी एकच मार्ग उरला. खलाशांनी काकूंना हात देऊन कठड्यावरून अलगद बोटीत घेतलं. मागोमाग काका, कसाबसा शर्ट चढवून. बोट खाली पाण्यावर टेकली, एका खलाशानं आकड्यानं बनियन ओढून काढलं आणि मोठ्या अदबीनं काकांच्या हवाली केलं. मग बोट वर निघाली. प्रत्येक मजल्याच्या कठड्याला माणसंच माणसं! टाळ्या, शिट्ट्या, कुणी फोटो काढतंय. काकांना धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं, पण तिथं धरणीही नव्हती.

त्यांनी भीतभीत बायकोकडं बघितलं. आभाळ ढगाळ होतं, ऊन डोळ्यांवर येत नव्हतं. काकू बोटीच्या टोकाशी बसल्या होत्या, केस सगळे विस्कटलेले, आणि त्या चारी दिशांना मान वळवून वळवून बघत होत्या.

“अहो,” त्या म्हणाल्या, “इथं कुठंच काच नाही!”

आणि त्या हसायला लागल्या. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत, पोट धरून, खलाशांनाही हसू फुटेपर्यंत हसल्या. काकांना आठवेना, हिला असं हसताना आपण शेवटचं कधी पाहिलं होतं. हातातलं ओलं बनियन पिळता पिळता त्यांना रडूच आलं.

वर आल्यावर अधिकाऱ्यानं सांगितलं, “तसंही आज संध्याकाळपासून समुद्र खवळायचा आहे. खवळला की त्या मजल्यावरच्या बाल्कन्या आम्ही लोखंडी दारांनी बंदच करतो. पाणी आत येतं ना! बुकिंग करताना सांगितलं नाही तुम्हाला?”

“सांगत होती बिचारी,” काकू म्हणाल्या. “‘पण’पर्यंत आली होती.”

काकांची ती खोली आता दार कापल्याशिवाय राहण्यासारखी नव्हती, आणि बाल्कनीच्या बाकी सगळ्या खोल्या भरलेल्या. उरली होती एक, जहाजाच्या अगदी पोटातली. बिनखिडकीची, जाड दाराची. काकूंनी आत येऊन चारी भिंती पाहिल्या. पलंगावर बसल्या. म्हणाल्या, “श्वास घ्या. रोखून धरा.”

काका उभ्या जागी पाणी पाणी झाले. “चुकलं माझं.”

“काय म्हणालात?”

“चुकलं म्हटलं. पण—”

“आता ते ‘पण’ मी बंद करते,” काकू म्हणाल्या. “सोडा.”

उरलेले दिवस दोघं वरच्या मजल्यावर, मोठ्या छत्रीखाली, शंभर अनोळखी माणसांच्या गर्दीत बसून चहा प्यायले. खासगीपणाचं तर नावच नको! येणारा-जाणारा थांबून विचारायचा, “कसे आहात, बनियनकाका?” बाल्कन्या बंद करून कमावलेलं नाव एका बनियनानं बुडवलं.

घरी आल्यावर काकांनी लेकीकडून हत्यारं परत मागून घेतली. दोन दिवस खपून घरातल्या बाल्कनीतला साठा बाहेर काढला. तिसऱ्या दिवशी बाह्या सरसावल्या आणि कुणी न सांगता नमुना उखडायला बसले. काकूंनी माळ्यावरून वेताची खुर्ची काढली, धूळ झटकली, आणि चहाचा कप घेऊन मागं येऊन बसल्या.

पहिली काच निघता निघता दुपार झाली. निघाली तसा वारा आत आला आणि काकूंच्या कपाळावरची बट उडाली. त्यांनी खुर्ची दोन पावलं पुढं ओढली. दुसरी काच मात्र हटून बसली. पेचकस वाकला. तासणीचं पातं गेलं. पक्कड हातातून निसटून अंगठ्यावर आली. काका घामाघूम झाले, चौकटीला लाथ मारली आणि ओरडले, “कुठल्या गाढवानं बसवलंय हे!”

काकूंनी चहाचा घोट घेतला.

“हात चांगला होता हो त्याचा,” त्या म्हणाल्या. “कान तेवढे नव्हते.”